चार कामं, एक माणूस आणि पडून राहिलेली वही

पत्र: मी ३४ वर्षांचा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. नोकरीला चार वर्षं झाली. आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) लहान, ४५ घरांची. उपासनेत पेटी मीच वाजवतो, पाळकसाहेबांच्या संदेशाचा कन्नड अनुवाद मीच करतो, शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) मीच घेतो, आणि गेली सहा वर्षं मंडळीचा हिशेबही माझ्याकडेच आहे. आठवड्याला वीस-बावीस तास त्यात जातात, त्यावरून घरात कुरबुर असते. वर्षभरापासून एक १९ वर्षांचा मुलगा कीबोर्ड घेऊन येतो. लोकांना त्याचं वाजवणं आवडतं. मला ते खुपतं, हे कबूल करतो. कधी वाटतं सगळं सोडून द्यावं, पण तालंतांचा दाखला आठवला की भीती वाटते, जमिनीत पुरणारा तो चाकर मीच ठरलो तर? कधी उलटं वाटतं, नोकरीच सोडावी आणि पूर्णवेळ सेवेत यावं. वहीत काही गीतं लिहून ठेवली आहेत, तीही वेळेअभावी तशीच पडून आहेत. काय करावं?
(एक वाचक, खानापूर तालुका)

प्रिय भाऊ, प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

तुमच्या भीतीपासूनच सुरुवात करू, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अडले आहेत. मत्तयाच्या २५व्या अध्यायात एक मालक परदेशी जाताना तीन चाकरांना पाच, दोन आणि एक तालंत सोपवतो; पहिले दोघे ते दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. तालंत म्हणजे पैशाचं फार मोठं माप होतं. एका तालंताचे सुमारे सहा हजार दिनार होत, आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मत्तयानेच तो सांगितला आहे. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर एक तालंत ही वीस वर्षांची मजुरी होते. म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी मिळालं त्यालाही आयुष्य पालटेल एवढं मिळालं होतं. त्याने ते का पुरलं? तो स्वतःच सांगतो, मी भ्यालो. तुम्हाला भीती वाटते म्हणून तुम्ही काहीच सोडत नाही. त्यालाही भीती वाटली म्हणून त्याने काही सोडलं नाही. हे साम्य जरा थांबून पाहा.

पहिल्या दोन चाकरांनी व्यापार केला. व्यापारात पैसा आधी हातातून जावा लागतो, तेव्हा कुठे तो दुपटीने परत येतो. मालकाने तिसऱ्याला सांगितलेला किमान उपायही तोच होता: सावकारांकडे ठेवायचे होतेस. म्हणजे दुसऱ्याच्या हाती द्यायचे होतेस. दाखल्यात कष्ट कमी पडले म्हणून कुणाला दोष दिलेला नाही. दोष एवढाच की वस्तू एकाच जागी, एकाच माणसाच्या ताब्यात अडकली. सहा वर्षं एकाच माणसाच्या हातात राहिलेली पेटी, त्याच्याच कपाटातली हिशेबाची वही आणि त्याच्यावाचून अडणारा अनुवाद यांचंही तेच झालं आहे. तुम्ही आळशी नाही, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण तुमच्या कष्टातून मागे दुसरा माणूस तयार झालेला नाही. पेत्राने पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, मिळालेल्यांना कारभारी म्हटलं आहे. कारभाऱ्याकडचा माल दुसऱ्यांसाठी असतो. त्यामुळे कामं दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे बेइमानी, हे आधी मनातून काढून टाका. मात्र कुठलं काम कुणाला, कधी आणि कसं द्यायचं, यात पुष्कळ बारकावे आहेत, आणि चुका तिथेच होतात.

कागद घ्या. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. सहा दिवस आठ तास नोकरी आणि गावाहून बेळगावला जाण्या-येण्याचे, बसची वाट पाहण्याचे रोजचे अडीच तास मिळून ६३. आंघोळ, जेवण, बाजार, घरची कामं यांचे रोजचे तीन म्हणजे २१. उरले ३५. त्यातले २२ मंडळीला जातात. बायको, मुलं, आईवडील, तुमची स्वतःची प्रार्थना आणि नुसतं स्वस्थ बसणं, या सगळ्यांना मिळून उरतात १३, म्हणजे दिवसाला दोन तासही नाहीत. घरात कुरबुर होते ती याच आकड्यामुळे. तुमच्या पत्नीच्या विश्वासात काही कमी आहे असं यावरून समजू नका. स्वतःचं घर सांभाळता न आलेला माणूस देवाच्या मंडळीची काळजी कशी घेईल, असं पौलाने तीमथ्याला विचारलं आहे, ते अध्यक्षाबद्दल असलं तरी तुम्हालाही लागू पडतं. आमच्या मते तुमच्यासारख्या नोकरदार माणसाने मंडळीच्या कामाला आठवड्याचे दहा तास ही मर्यादा घालून घ्यावी: रविवारचे चार, अनुवादाच्या तयारीचे तीन, शिकवण्याचे दोन आणि अडीअडचणीला एक. हा कागद पत्नीबरोबर बसून करा. तिचे आकडे तुमच्या आकड्यांपेक्षा वेगळे निघाले तर तिचे धरा.

सगळ्यांत आधी हिशेब सोडा. तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण शिक्षण आणि पोटापाण्याचा धंदा पाहता हेच काम तुम्हाला सगळ्यांत चांगलं येत असणार. पण इथे प्रश्न येण्या-न येण्याचा नाही. दानार्पण मोजणारा, वही लिहिणारा आणि बँकेत भरणारा माणूस एकच असेल तर तो कितीही प्रामाणिक असो, त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला काही साधन उरत नाही. उद्या नाताळच्या खर्चातली दोन हजारांची एक पावती हरवली की सहा वर्षांच्या कष्टावर पाणी फिरतं. पौलाने करिंथकरांची मदत यरुशलेमला न्यायची ठरवली तेव्हा बरोबर आणखी माणसं घेतली, आणि कारणही लिहून ठेवलं: आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, आणि जे प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य ते व्हावं. तेव्हा तुमच्या जागी दुसरा एकटा माणूस नेमून भागणार नाही. पद्धतच बदलायला हवी.

ती अशी. उपासना संपताच, कोणी घरी जायच्या आत, एकमेकांच्या नात्यातले नसलेले दोघे जण दान मोजतील. नोटांचे आणि नाण्यांचे वेगवेगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या होतील. चिठ्ठीची एक प्रत दानाच्या पेटीत आणि एक वही लिहिणाऱ्याकडे. वही लिहिणारा तिसरा, धनादेशावर सही करणारे आणखी दुसरे. सगळी रक्कम सोमवारी किंवा बँक उघडेल त्या दिवशी जशीच्या तशी भरायची. तांदळाचं बिल, मांडववाल्याचे पैसे मोजलेल्या रकमेतून परस्पर द्यायचे नाहीत. ही सवय सगळीकडे असते, आणि पुढे आकडे न जुळण्याचं मुख्य कारणही हीच असते. किरकोळ खर्चाला वेगळी ठरावीक रक्कम हातात ठेवा, ती संपली की बिलं दाखवून पुन्हा भरून घ्या. पावतीपुस्तकाला छापील अनुक्रमांक हवेत, आणि रद्द केलेली पावती फाडून न टाकता दोन्ही प्रतींसह पुस्तकातच ठेवायची. महिन्याचा जमाखर्च दहा तारखेच्या आत फलकावर लावा, मराठीत आणि कन्नडमध्येही. सगळ्यांत घातक सवय म्हणजे 'उसने': हंगामापर्यंत म्हणून मंडळीतून कुणाला रक्कम देणं. पंचांपैकी कुणी मागितली तरी नाही म्हणा. सहा वर्षांच्या वह्या सोपवण्याआधी कमिटीला लेखी सांगून दोघांकडून तपासून घ्या, आणि तपासल्याची सही घ्या. ती सही तुमच्यासाठी फार मोलाची आहे. वर्षभर नव्या लिहिणाऱ्याची वही महिन्यातून एकदा अर्धा तास पाहून द्या. तुमच्या हिशेबाच्या कृपादानाचा खरा उपयोग इथे होईल.

अनुवाद मात्र सोडू नका. पेटी वाजवणारे मिळतात. दोन्ही भाषा अंगात मुरलेला, वचन जाणणारा आणि संदेश देणाऱ्याच्या पुढे न धावणारा माणूस सहज मिळत नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून भाषेचा प्रश्न आपल्याकडे घराघरांत आहे आणि तो मंडळीच्या उंबऱ्यावर थांबत नाही. आजी देवनागरी बायबल वाचते, नातू शाळेत कन्नड लिपी शिकतो आणि आजीच्या बायबलमधली ओळ त्याला लावता येत नाही, असं एकाच बाकावर दिसतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात मंडळीतलं पहिलं भांडण असंच भाषेच्या कडेने निघालं. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी ते काम अंगावर घेतलं नाही, आणि झटकूनही टाकलं नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप गेलं. तुमच्या मंडळीतली कन्नड बोलणारी घरं फक्त ऐकायलाच बसतात की त्यांच्यातलं कोणी वाचतं, प्रार्थना करतं, दान मोजतं, हे या निमित्ताने पाळकसाहेबांपुढे मांडा.

आता अनुवादाची तयारी. गुरुवारपर्यंत संदेशाचे मुद्दे आणि वचनांचे संदर्भ हातात यायला हवेत. ते मिळत नसतील तर पाळकसाहेबांना सांगा की मला पूर्ण संदेश नको, अर्धं पान चालेल. सगळी वचनं दोन्ही बायबलांत आधीच काढून खुणा ठेवा, आणि वाचताना छापील कन्नड वचनच वाचा. मनाने केलेलं वचनाचं भाषांतर ऐकणाऱ्याला आपल्या बायबलमध्ये सापडत नाही आणि तो तिथेच अडकून बसतो. एक शब्दवही ठेवा. मराठी आणि कन्नडमध्ये संस्कृतातून आलेले सारखे दिसणारे शब्द फसवतात. आपला प्रसंग म्हणजे घडलेली घटना, कन्नड मंडळ्यांत प्रसंग म्हणजे चक्क उपदेश. आपण अनुमान काढतो म्हणजे निष्कर्ष काढतो, कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. कन्नडमधला अवकाश म्हणजे संधी आणि अवसर म्हणजे घाई. आपलं कृपादान तिकडे कृपावर होतं, विश्वासूला नंबिगस्त म्हणतात. असे दीड-दोनशे शब्द जमले की निम्मं काम झालं.

उभं राहताना संदेश देणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे राहा. तो 'मी' म्हणाला तर तुम्हीही 'मी'च म्हणा, 'साहेब म्हणतात की' नको. वाक्य पुरं होईपर्यंत तोंड उघडू नका, कारण दोन्ही भाषांत 'नाही' शेवटी येतो आणि घाईत वाक्याचा अर्थच उलटतो. आपल्या पदरचं उदाहरण घालू नका, विनोद समजावून सांगत बसू नका. अनुवादासह संदेशाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, म्हणून वीस मिनिटांचा संदेश चाळीस मिनिटांवर जातो आणि लोक घड्याळ पाहू लागतात. दोष अनुवादकाला मिळतो. यावर उपाय पाळकसाहेबांच्याच हातात आहे: मुद्दे पाचावरून तीनावर आणायचे, वाक्यं आठ-दहा शब्दांची ठेवायची. सलग अर्ध्या तासानंतर अनुवादकाचं डोकं थकतं आणि चुका वाढतात, म्हणून मोठ्या सभांना दोघे हवेत. कन्नड शाळेत शिकलेली, घरी मराठी बोलणारी एखादी कॉलेजातली मुलगी शोधा. आधी तिला फक्त शास्त्रपाठ वाचू द्या, मग सूचना, मग पाच मिनिटांची साक्ष. संदेश वर्षभराने.

पेटी आणि तो मुलगा. खुपतं हे तुम्ही लिहिलंत, ते सोपं नाही आणि आम्ही त्याचा मान ठेवतो. सहा वर्षं भल्या पहाटे उठून तुम्ही जे केलं त्याची कुणी फारशी दखल घेतली नसेल, आणि कालच्या पोराचं कौतुक होतं, हे लागतंच. पण बायबलमधल्या निर्गमाच्या ३५व्या अध्यायात बसालेलाबद्दल काय लिहिलंय पाहा. देवाने त्याला सोनं-रुपं-लाकडाच्या कामाचं कौशल्य दिलं आणि त्याच्या जोडीला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली. कौशल्य आणि शिकवणं एकाच दानात आलं. पहिल्या इतिहासाच्या २५व्या अध्यायात तरबेज गायकांची संख्या २८८ दिली आहे, आणि त्यांच्या पाळ्या ठरवताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्या. ज्या माणसाला कौतुक मिळतंय त्याला शिकवायला बसलात की खुपणं हळूहळू कमी होतं. आधी मन साफ होऊ दे मग शिकवीन, असं म्हणत राहाल तर तो दिवस उगवणार नाही.

शिकवण्यासारखं तुमच्याकडे पुष्कळ आहे, कारण कीबोर्ड वाजवता येणं आणि मंडळीला गायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे गीत कुठल्या सुरावरून धरायचं ते. गीतातला सर्वांत वरचा सूर आधी शोधायला शिकवा. तो वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (डी सुराच्या) पलीकडे जाऊ लागला की मागच्या बाकांवरचे पुरुष गप्प होतात, आणि रविवारी सकाळी गळे अजून उघडलेले नसतात हेही धरायला हवं. दुसरी, कीबोर्डचं पट्टी बदलणारं ट्रान्स्पोज बटण. आधीच्या गीताला बदललेलं तसंच राहतं आणि पुढचं गीत भलत्याच पट्टीत सुरू होतं, म्हणून प्रत्येक गीताआधी आकडा पाहायची सवय लावा. तिसरी, दोन्ही वाद्यं एकत्र वाजवायची असतील तर कीबोर्डचा सूर पेटीला जुळवा. पेटीचे सूर आतल्या धातूच्या पातीला घासल्याशिवाय बदलत नाहीत, कीबोर्डचे सेटिंगमध्ये थोडे वरखाली करता येतात. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, ताल. कीबोर्डमधला तयार ठेका एका गतीने पळतो. आपली म्हातारी माणसं भजनी ठेक्यात ओळीच्या शेवटी थांबतात, श्वास घेतात, पुन्हा उचलतात. यंत्र थांबत नाही, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत मंडळी एका बाजूला आणि कीबोर्ड दुसऱ्या बाजूला. भजन-अभंगांना तयार ठेका बंद, तबला किंवा ढोलकीच. तरुणांच्या गीतांना हवा तर चालू ठेवा.

बारा रविवार ठरवून घ्या. पहिले तीन रविवार तो एकच गीत वाजवील, तुम्ही शेजारी. पुढचे तीन, सुरुवातीचं आणि दानार्पणाचं. सातव्यापासून नवव्यापर्यंत पूर्ण उपासना, तुम्ही गायनवृंदात. शेवटचे तीन रविवार तो एकटा आणि तुम्ही मागच्या बाकावर. मागच्याच, पुढच्या नाही, कारण समोर बसलेल्या गुरूच्या चेहऱ्याकडे बघत कुणाला वाजवता येत नाही. तो चुकला तर उपासनेत मान हलवू नका, मोठ्याने गाऊन सावरू नका. मंगळवारी भेटून सांगा, एका वेळी एकच चूक. गीतं बुधवारपर्यंत कळवा, शनिवारी रात्री नव्हे. त्याचा पहिला एकट्याचा दिवस शुभ शुक्रवार किंवा प्रभुभोजनाचा रविवार ठेवू नका. प्रार्थनेमागे कधी वाजवायचं आणि कधी हात मांडीवर ठेवून बसायचं, हे कळायला वेळ लागतो. आणि पेटी आता कमी वाजणार म्हणून पावसाळ्यात तिला कोपऱ्यात टाकू नका. खानापूरच्या पावसात न वाजवलेल्या पेटीच्या बोटांखालच्या लाकडी पट्ट्या फुगतात आणि पात्यांना गंज धरतो. जमिनीपासून उंच ठेवा आणि दोन दिवसांआड दहा मिनिटं वाजवा.

शब्बाथशाळेचं थोडक्यात. ती दोन बहिणींकडे सोपवा, एकीकडे लहान मुलं आणि दुसरीकडे दहाच्या पुढची. तुमची तीन महिन्यांच्या पाठांची टिपणं त्यांना द्या. मुलांच्या पाठांतराची मराठी वचनं कन्नड लिपीतही लिहून द्या, पाठ होणं सोपं जातं. वर्गात दोन मोठी माणसं नेहमी असावीत, एक कधीच नाही.

हे सगळं पाळकसाहेबांना सांगायचं कसं? रविवारी दारात हात मिळवताना नको, आणि चिडून नाताळच्या तोंडावर तर मुळीच नको. आठवड्यात वेळ मागून घरी जा. हातात कागद असू दे: कुठलं काम, कुणाला, कुठल्या तारखेपर्यंत. असं म्हणता येईल: "साहेब, अनुवाद माझ्याकडेच ठेवा, तो मी आणखी नीट करीन. हिशेब, पेटी आणि शब्बाथशाळा मी माणसं तयार करून देतो. तीन महिने त्यांच्याबरोबर राहतो, नंतर ती जबाबदारी कमिटीने त्यांच्या नावावर करावी." ते म्हणतील, तुझ्यासारखं कोणी करणार नाही. हे कौतुक खरं असेल, तरी त्यावर निर्णय फिरवू नका. दुसऱ्याने केलेलं काम सुरुवातीला तुमच्या निम्म्याने होईल. तेवढं मंडळीला सोसायला हवं आणि तुम्हाला पाहायला हवं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण साहेबांना आठवत असेल. कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवलं, पण छपाईचे खिळे जुळवणं आणि छापणं केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांच्या हाती दिलं. १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर बाहेर पडलं, कारण काम जाणणारे हात मागे होते.

पूर्णवेळ सेवेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: आत्ता नाही. थकलेल्या माणसाला नोकरी सोडणं हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, वाटू शकतं. वरच्या गोष्टी करून वर्षभर दहा तासांची शिस्त पाळा. त्यानंतरही ओढ राहिली, पाळक आणि दोन-तीन वडीलधाऱ्यांना तुम्ही न विचारता तेच दिसलं, आणि पत्नी मनापासून तयार असली, तर पुढे जा. पैशाचंही पाहा. नोकरीला चार वर्षं झाली म्हणता, तर कायम कामगाराला पाच वर्षं सलग पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. वर्षभर थांबण्यात तोही फायदा आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. दरम्यान शिकायला नोकरी सोडावी लागत नाही. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटचे ख्रिस्ती अभ्यासाचे पदविका आणि पदवीचे अभ्यासक्रम घरी राहून करता येतात. नियमित बी. डी. (धर्मशास्त्राची पदवी) करायची ठरली तर पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, कन्नडमधून सेवा करायची असेल तर मंगळूरचं कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज. चार-पाच वर्षं द्यावी लागतील. आणि पौल करिंथात तंबू शिवत होता हे विसरू नका. कारखान्यात हिशेब चोख ठेवणारा ख्रिस्ती माणूस हीही सेवाच आहे.

शेवटची गोष्ट तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, आणि आमचं लक्ष तिथेच अडकलं. वही. चार कामांच्या ओझ्याखाली खरं पुरलेलं काही असेल तर ती गीतं आहेत. ती कशी आहेत आम्हाला माहीत नाही, तुम्हालाही नाही, कारण ती अजून कुणी गायलेली नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याआधीच कवी होते. ते कवित्व त्यांनी मंडळीत आणलं आणि भाषांतरित गीतं परक्या चालींवर म्हणणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी अभंग आणि भजन आलं. ते टिकलं, कारण लोकांच्या गळ्यातून गेलं.

वहीतून पाच गीतं निवडा, जास्त नको. प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणून मोजा. मोठ्या अभंगाला पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार, लहानाला आठ-आठ. एखादं अक्षर जास्त झालं तर गाताना मंडळी बरोबर तिथेच अडखळते. एका गीतात एकच विचार ठेवा. 'परात्पर', 'करुणासागर' अशा शब्दांची रास दिसली तर त्यातला एक ठेवून बाकी काढा आणि त्या जागी आपल्या शेतातलं, पावसातलं, बाजारातलं काही येतं का पाहा. मग पाळकसाहेबांना वाचायला द्या, शिकवण चुकत नाही ना एवढं पाहायला. काव्यावर त्यांनी मत दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्याकडून परत आली की मजकूर देवनागरीत आणि कन्नड लिपीत, शेजारीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून काढा आणि दहा-बारा माणसांच्या घरगुती प्रार्थनेत एकच गीत म्हणून पाहा. दुसऱ्या कडव्याला लोक स्वतःहून ध्रुपद उचलतात की तुमच्या तोंडाकडे बघतात, यावरून कळेल. बघत राहिले तर चाल बदला, तरीही तसंच झालं तर ते गीत बाजूला ठेवून दुसरं घ्या.

त्या संध्याकाळी पत्नीला बरोबर न्या. पेटी त्या मुलाला वाजवू द्या, तुम्ही गा.